केबिन शेवटी बघा

परभणी जिल्ह्यातल्या येलदरी, निम्न दुधना, मासोळी या धरणांवर किंवा गोदावरीवरच्या ढालेगाव, मुदगल, डिग्रसच्या बंधाऱ्यांवर ज्या घरांचं जाळं पडतं, त्या घरांसाठी हे लिहितोय. आपल्याकडे आजवर पत्र्याची किंवा लाकडाची साधी उघडी होडी चालत आली. आता मोबाइलवर रायगड-रत्नागिरीकडच्या जुन्या बोटींचे फोटो फिरतात. पांढरा रंग, निळा पट्टा, मागे मशीन आणि मधोमध छोटीशी केबिन. खाली लिहिलेलं असतं: एकहाती वापर, चालू कंडिशन, भाव बसून ठरवू. ऊन-पावसात लेकरांना घेऊन पाण्यावर काम करणाऱ्या माणसाला ती केबिन मोह घालणारच. घरच्यांना सावली मिळावी, पाऊस आला तर आडोसा असावा, यात चूक काहीच नाही. पण माझं कळकळीचं सांगणं आहे की बोट घेताना केबिन सगळ्यात शेवटी बघा. आधी आपलं पाणी बघा, मग बोटीचा तळ, मग मशीन, मग कागद. या सगळ्यात बोट पास झाली, तरच केबिनकडे वळा.

पाण्यापासून सुरुवात करू. समुद्रावरची होडी भरती-ओहोटीच्या हिशेबाने बांधलेली असते. आपलं पाणी वर्षातून एकदा चढतं आणि मग महिनोन्महिने उतरत जातं. पूर्णेवरचं येलदरी धरण 1968 साली पुरं झालं. भरलं की त्यात 809 दशलक्ष घनमीटरच्या आसपास जिवंत साठा असतो. तेव्हा पाण्याचा पसारा एवढा मोठा असतो की वारा सुटला की लाटा उठतात आणि हलकी होडी भिरभिरते. तेच पाणी मे महिन्यात शेकडो मीटर मागे सरकतं आणि काठाला काळा चिकट गाळ उघडा पडतो. 2016 च्या दुष्काळात, ज्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा मराठवाड्यातल्या धरणांचे तळ सगळ्यांनीच पाहिले. अशा गाळातून जी होडी घरची चार माणसं ढकलू शकत नाहीत, ती उन्हाळाभर काठावर पडून राहते. केबिनची बोट जड असते. तिला ढकलायला रोज गावातली माणसं गोळा करणार का, याचं उत्तर इसार देण्याआधी घरात बसून ठरवा. शिवाय पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि जुन्या बांधांचे दगड वर येतात. म्हणून खोल बुडणारी, टोकदार तळाची बोट आपल्याकडे कामाची नाही. रुंद, सपाट आणि कमी पाण्यात चालणारी बघा.

दुसरी गोष्ट फार थोड्या जणांना माहीत असते. समुद्राचं पाणी खारट म्हणून जड असतं. एक लिटर समुद्राच्या पाण्याचं वजन साधारण 1,025 ग्रॅम भरतं, आपल्या पाण्याचं 1,000. म्हणजे तीच बोट धरणात थोडी जास्त बुडते आणि थोडं कमी वजन पेलते. कोकणातला विकणारा "आठ माणसं आरामात" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण त्याचं पाणी वेगळं. आपण सावधगिरी म्हणून सहाच धरायची.

आता केबिन. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 42-43 अंशांवर जातो. बंद पत्र्याच्या किंवा फायबरच्या खोलीत दुपारी लेकरू ठेवता येत नाही. जी सावली म्हणून घेतली तीच सहन होत नाही. पण उकाड्यापेक्षा मोठा धोका वाऱ्याचा. केबिनची भिंत वारा अडवते आणि तिचं वजन वर असल्यामुळे बोट लवकर कलते. मे-जूनमधला वळीव कसा येतो हे तुम्हाला सांगायला नको. आभाळ काळं होतं आणि दहा मिनिटांत पाणी उसळायला लागतं. 21 मे 2024 ला उजनी धरणात कुगाव ते कळाशी जाणारी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली. सहा माणसं गेली, त्यात दोन लहान मुलं होती. 14 सप्टेंबर 2021 ला अमरावती जिल्ह्यात वरूडजवळ वर्धा नदीत नाव बुडून अकरा जणांचा जीव गेला. या दोन्ही दुर्घटना आपल्यासारख्याच गोड्या पाण्यात घडल्या, समुद्रात नव्हे. उघडी होडी उलटली तर माणूस निदान पाण्यावर फेकला जातो. केबिनमधला माणूस आत अडकतो, दार पाण्याच्या दाबाने उघडत नाही आणि त्याच्या हाती फार थोडा वेळ असतो.

तरीही काही घरांना केबिन खरोखर लागते. जी कुटुंबं जाळं टाकून रात्र पाण्यावरच काढतात, ज्यांच्यात तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असतं, त्यांनी ती घ्यावी. पण आत बसता येईल एवढीच उंच, उभं राहता येईल एवढी नको. पुढून आणि मागून दोन्हीकडे बाहेर पडायची वाट हवी. खिडकीतून घरातलं सगळ्यात जाडजूड माणूस बाहेर निघतं का, हे कोरड्या जमिनीवर करून बघा. दाराला आतून कडी नको. आणि केबिनमध्ये गॅसची शेगडी कदापि पेटवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की तो तळाशी साचतो, बाहेर उडून जात नाही. पेट्रोलची वाफही तशीच. बोटीच्या तळात साचलेल्या वाफेला एक ठिणगी पुरते. बाकी सगळ्या घरांनी चार लोखंडी नळ्या आणि ताडपत्रीचं काढघाल करता येणारं छप्पर करावं. वारा सुटला की ते दोन मिनिटांत गुंडाळता येतं.

तळ तपासायचा तर बोट पाण्याबाहेर हवी. पाण्यात उभ्या असलेल्या बोटीचा सौदा करू नका, मालक कितीही भला असो. कोकणात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. नारळी पौर्णिमा जवळ आली की त्यांना नवा रंग चढतो. रंगाखाली पुष्कळ काही झाकलं जातं, म्हणून जायचं ते रंग लागायच्या आधी, जूनमध्ये. सोबत गावातला सुतार न्या. त्याचा दोन दिवसांचा रोज आणि गाडीभाडं द्यावं लागलं तरी द्या.

लाकडी होडी असेल तर पठाणापासून सुरू करा. पठाण म्हणजे तळाचा तो लांब कणा, ज्यावर अख्खी होडी उभी असते. टोच्याचं टोक त्यात रेटा. चांगल्या सागात ते जेमतेम रुततं. लोण्यात गेल्यासारखं आत शिरलं, तर तिथूनच मागे फिरा. एखादी फळी बदलता येते, पठाण बदलणं म्हणजे नवी होडी बांधणं. मग आतल्या वाकांची, म्हणजे होडीच्या बरगड्यांची टोकं बघा, विशेषतः जिथे ओल धरून राहते ती जागा, आणि केबिन असेल तर तिच्या भिंतीचा तळ. छताचं पावसाचं पाणी झिरपून आधी तिथेच कुजतं. मिठामुळे समुद्रातल्या लाकडाला कुजवणारी बुरशी उशिरा लागते. तीच होडी गोड्या पाण्यात आली की ही राखण संपते. म्हणून कोकणात आणखी पाच वर्षं चालणारी होडी आपल्याकडे तेवढी चालेलच असं धरू नका. ट्रकवर दोन-तीन दिवस उन्हात आलेलं लाकूड आक्रसतं आणि फटी पडतात. पाण्यात सोडल्यावर फळ्या फुगून फटी मिटेपर्यंत होडी गळते. ते नेहमीचं आहे, घाबरू नका. मात्र चार-पाच दिवसांनंतरही पाणी येतच राहिलं तर फटी पुन्हा बुजवून घ्याव्या लागतील.

फायबरच्या बोटीला आवाजावरून ओळखा. नाणं किंवा लाकडी मुठीने तळावर वीत-वीत अंतराने ठोकत जा. सगळीकडे टण्-टण् असा कोरडा आवाज यायला हवा. एखाद्या जागी तो अचानक बद्द झाला, तर आतले थर सुटलेत किंवा पाणी मुरलंय. ती जागा खडूने रंगवत जा. एका टोकाला दोन-तीन खुणा असल्या तर दुरुस्ती होईल. तळ खडूने पांढरा झाला तर रामराम करा. सगळ्यात जास्त वेळ मागच्या पाटावर घालवा, जिथे मशीन अडकवतात. बऱ्याच बोटींत त्या फायबरच्या आत प्लायवूड असतं आणि बोल्टच्या भोकातून पाणी मुरून ते आतल्या आत कुजतं, वरून काही दिसत नाही. मशीन धरून खाली-वर जोरात हलवा. पाट किंचितही लवला किंवा बोल्टमधून तपकिरी पाणी ओघळलं, तर तो पाट संपलाय. विकणारा म्हणेल, "दादा, सगळ्याच बोटींत थोडंसं असतं ते." असेल. मग नवीन पाटाचा खर्च भावातून वजा करायला लावा, नाहीतर उठा. पत्र्याच्या होडीत वेल्डिंगच्या शेजारची जागा हातोडीने हलकेच ठोका. जिथे पत्रा खोलगट होतो तिथे गंजाने तो पातळ झालाय.

मशीनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जिंतूर, सेलू किंवा गंगाखेडचा मिस्त्री जे खोलून दुरुस्त करू शकेल तेच मशीन घ्या. शेतातल्या पंपाची डिझेल इंजिनं उघडणारे हात आपल्याकडे आहेत, त्यांचे भागही मिळतात. परदेशी बनावटीच्या पेट्रोल मशीनचा एक गिअर गेला तर मुंबईहून येईपर्यंत हंगाम निघून जातो. तरी घ्यायचंच असेल तर थंड इंजिनवर चालू करून बघा, मालकाने आधीच तापवून ठेवलेल्यावर नको. चालू झाल्यावर बाजूच्या छोट्या नळीतून पाण्याची सलग धार पडायला हवी. थेंब-थेंब पडत असेल तर आतल्या वाटा मिठाने तुंबल्यात. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. आणि वल्ही मशीनवाल्या बोटीतही हवीतच. आपल्याकडच्या जलपर्णीत पंखा कधी गुरफटेल याचा नेम नाही. परभणी शहर येलदरीचं पाणी पितं हेही ध्यानात असू द्या. तेल गळणारं मशीन त्या पाण्यात उतरवू नका.

कागदांत कुचराई करू नका. 2008 च्या मुंबई हल्ल्यातले दहशतवादी पळवलेल्या 'कुबेर' या मासेमारी बोटीतून आले होते. त्यानंतर किनाऱ्यावरच्या बोटींच्या नोंदीकडे फार बारकाईने पाहिलं जातं. विकणाऱ्याच्या नावावर नोंद आहे का, बोटीवर बँकेचं किंवा संस्थेचं कर्ज आहे का, नोंद रद्द केल्याचा किंवा नावावर करून देण्याचा कागद मिळतो का, हे आधी. स्टँपपेपरवर विक्रीखत करताना मशीनचा नंबर त्यात लिहून घ्या. रस्त्याचा नियमही पाहा. गाडी भारासकट 2.6 मीटरपेक्षा रुंद चालत नाही, त्याहून रुंद बोट आणायची तर परवानगी आणि खर्च वेगळा. आणि धरणात मासेमारीचा हक्क ठेका घेतलेल्या संस्थेकडे असतो. तुम्ही तिचे सभासद नसाल तर बोट कितीही छान असली तरी ती काठावरच राहील. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन होडी-जाळ्याच्या अनुदानाची चौकशीही व्यवहाराआधीच करा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना 2020 साली सुरू झाली, तिच्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद केली गेली. जुन्या बोटीला अनुदान मिळेलच असं धरून पैसे मोडू नका. कदाचित हिशेब केल्यावर अनुदानातली नवी उघडी होडीच स्वस्त पडेल.

बोट आल्यावर पहिल्याच दिवशी जाळं घेऊन निघू नका. कमरेएवढ्या पाण्यात तिला उभी करा, नेहमीचं सगळं सामान आणि माणसं चढवा. बोटीचा काठ पाण्यापासून फूटभर तरी वर राहायला हवा. मग सगळी मोठी माणसं एका बाजूला सरका. काठ पाण्याला टेकायला आला तर केबिन उतरवा किंवा माणसं कमी करा, तिसरा उपाय नाही. घट्ट झाकणाचे 20 लिटरचे रिकामे कॅन बसायच्या फळ्यांखाली दोरीने पक्के बांधा. एक कॅन साधारण 20 किलो पेलतो, कॅन पुरेसे असले तर पाण्याने भरलेली बोटही तळाला जात नाही. थर्माकोल वापरू नका, त्यावर पेट्रोल सांडलं तर ते विरघळून जातं. लाईफ जॅकेटचे पैसे बोटीच्या किमतीतच धरा, माणशी एक, मुलांची मुलांच्या मापाची. मोठ्या माणसाच्या जॅकेटमधून लहान मूल खाली सटकतं.

शेवटची विनंती संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना. एकेकटं घर कोकणात जाऊन बोट पारखू शकत नाही, आणि कर्ज काढून फसलेलं घर उभं राहायला वर्षं लागतात. संस्थेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. एक सुतार आणि एक मिस्त्री ठरवा, ज्यांना बोट घ्यायची आहे त्यांची नावं येत्या मे अखेरपर्यंत लिहून काढा आणि जूनमध्ये सगळ्यांनी एकाच गाडीने जा. तोवर कुणीही इसार देऊ नका.