परवलीचा शब्द आणि जबाबदारी

उदगीरच्या किल्ल्याला तट आहे, बुरूज आहेत. पण दरवाजाची किल्लीच चार हातांत फिरू लागली, तर त्यांचा उपयोग काय? आज तालुक्याच्या गावातील बँका, कचेऱ्या व महाविद्यालये यांचा कारभार संगणकावर चालतो आणि परवलीचा शब्द ही त्याची किल्ली होय. तीच टेबलाच्या काचेखाली ठेवली जाते, रजेवर जाताना सहकाऱ्याला सांगितली जाते.

पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबई शाखेतील हजारो कोटींचा घोटाळा २०१८ साली उघडकीस आला. त्यात परवलीचे शब्द भलत्याच हाती गेल्याचा आरोप झाला. एकाने नोंद करावी, दुसऱ्याने तपासावी, हा बँकव्यवहाराचा मूलभूत दंडक. दोन्ही शब्द एकाच हाती आले की तो कागदावरच उरतो.

तथापि, सारा दोष कारकुनाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. ‘दरमहा शब्द बदला’ असा हुकूम काढण्यास कचेरीला काही खर्च येत नाही. भार पडतो तो कर्मचाऱ्याच्या स्मरणशक्तीवर. मग तो जुन्याच शब्दापुढे एक आकडा वाढवून मोकळा होतो. म्हणूनच अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ साली अशी मुदतबंद सक्ती नको, असे सुचविले.

रजेच्या काळात बदली कर्मचाऱ्यास स्वतंत्र प्रवेश देणे हे प्रशासनाचे काम आहे. ते झाले नाही, तर नोंद एकाच्या नावे, कृती दुसऱ्याची आणि चौकशी मात्र पहिल्याची, हा अन्याय अटळ आहे.