तुलना करा, पण आपल्या दर्याचं माप लावून

'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग भारी की तिसरा? 'टोटल वॉर'मध्ये 'एम्पायर' सरस की 'शोगुन २'? अलिबाग-मुरूडच्या पोरांनो, यावर खुशाल वाद घाला. फक्त ग्राफिक्सच्या जोडीला आपल्या किनाऱ्याचं मापही लावा.

'एज ऑफ एम्पायर्स २' आला १९९९ मध्ये. २०१३ मध्ये त्यात 'इंडियन्स' या एकाच नावाखाली सगळा हिंदुस्थान कोंबला. २०२२ मध्ये त्याचे हिंदुस्तानी, बंगाली, गुर्जर आणि द्रविड असे चार भाग केले. ही खरी सुधारणा. त्यात मराठे नाहीत म्हणून चिडू नका, तो गेम मुख्यतः मध्ययुगाचा आहे.

मराठे हवे असतील तर २००९ चा 'एम्पायर: टोटल वॉर' घ्या. डाव १७०० मध्ये सुरू होतो, आणि त्या मालिकेत समुद्रावरची लढाई स्वतः लढायला पहिल्यांदा मिळाली ती याच भागात. कान्होजी आंग्र्यांचा तो काळ. म्हणून आपल्यासाठी हा भाग मोलाचा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्यात उणीवही आहे. वारा आहे, भरती-ओहोटी नाही.

ती नसली की खांदेरी कळत नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावरच्या या बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांनी आणि सिद्दीने वेढा घातला. इंग्रजांच्या तोफा मोठ्या होत्या, पण जहाजं जड. वारा पडला की जागच्या जागी. मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री वल्ह्यांवर, उथळ पाण्यातून, खडक चुकवत रसद पोचवत राहिल्या. शेवटी इंग्रज माघारी गेले आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. जुलै २०२५ मध्ये हा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

म्हणून पुढच्या वेळी कुठलाही भाग जोखताना बघा: लहान होडीला उथळ पाण्याचा फायदा मिळतो का? रसद तुटली तर किल्ला पडतो का? की जास्त तोफा असलेलाच दर वेळी जिंकतो?

आणि आईबापांनो, पोरांच्या हातातला माऊस हिसकावू नका. त्यांना कुलाबा किल्ल्यावर घेऊन जा. ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून चालत जाता येतं. वेळ मात्र आधी कोळ्यांना विचारा, आणि भरती लागायच्या आत परत फिरा.