वाहतूक सुरक्षेची स्मार्ट यंत्रे घडवणाऱ्या मालेगावच्या छोट्या कारखान्यांना थेट अनुदान मिळावे यासाठी निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

मार्फत : मा. अपर जिल्हाधिकारी, मालेगाव, जि. नाशिक.

विषय : चालकाला सहाय्य करणारी व स्मार्ट वाहतुकीची यंत्रे विकसित करणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांना नमुना आणि चाचणी खर्चासाठी थेट अनुदान देणे, तसेच सिंहस्थापूर्वी झोडगे ते चांदवड पट्ट्यात त्यांचा प्रायोगिक वापर सुरू करणे.

महोदय,

आम्ही मालेगाव शहर व तालुक्यात यंत्रमाग दुरुस्ती, मोटर वाइंडिंग, इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती आणि ट्रॉली बांधणीची कामे करणारे छोटे कारखानदार आहोत. पदविका घेऊन याच दुकानांत परत आलेली आमची मुलेही या निवेदनात आमच्यासोबत आहेत. वाहनाला धोका ओळखायला शिकवणारी यंत्रे बनवण्याचा आमचा प्रयत्न काही काळापासून सुरू आहे. नवउद्योगांसाठी शासनाच्या योजना भरपूर आहेत, पण ज्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रत्यक्ष यंत्र घडते तिथपर्यंत त्यांतला पैसा येत नाही. का येत नाही आणि कसा येऊ शकेल, हे सांगण्यासाठी हे निवेदन आहे.

आधी रस्त्याबद्दल. उन्हाळ कांद्याच्या दिवसांत उमराण्याच्या बाजारात लवकर नंबर लागावा म्हणून शेतकरी रात्रीच ट्रॅक्टर काढतो. मागे एक, कधी दोन ट्रॉल्या. ट्रॉलीला दिवा नसतो, असला तर त्याची वायर तुटलेली. फाळक्यावर लाल रेडियमची पट्टी असते, पण कांद्यावर टाकलेली ताडपत्री खाली लोंबून नेमकी तीच झाकते. ही ट्रॉली मुंबई-आग्रा महामार्गावरून ताशी पंधरा-वीसच्या चालीने जात असते आणि मागून ऐंशीच्या वेगाने भरलेला ट्रक येतो. पुढचा काळा आकार वाहन आहे हे कळेपर्यंत ट्रकचालकाच्या हातात दोन-तीन सेकंद उरतात. याच महामार्गावर पुढे राहूडचा घाट आहे. कसमादेच्या (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आतल्या रस्त्यांवर दुभाजक नाही आणि कडेच्या विहिरींना कठडा नाही. 28 जानेवारी 2020 रोजी मालेगाव-देवळा रस्त्यावर मेशी फाट्याजवळ एसटी बस आणि रिक्षाची धडक झाली, दोन्ही वाहने रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळली आणि 26 माणसे गेली. आमचे यंत्र असते तर ती वाचली असती असा दावा आम्ही करत नाही. पण त्या दिवसानंतर आमच्यातल्या काहींना माग दुरुस्त करताना दुसरे काही सुचेना, हे खरे आहे.

आम्ही बनवत असलेले एक यंत्र असे आहे. ट्रॉलीच्या फाळक्याला लावायचा पत्र्याचा डबा, त्यात एक छोटा कॅमेरा, एक रडार आणि हिशेब करणारा बोर्ड. मागून येणारे वाहन वेगात जवळ आले की डब्यावरचे तांबडे दिवे जोरात लुकलुकतात आणि ट्रॅक्टरवाल्याच्या कानाशी बझर वाजतो. पहिल्या नमुन्यात पावसाचे पाणी शिरले. दुसऱ्यात कांद्याचा पाचोळा आणि धूळ भिंगावर बसून कॅमेरा आंधळा झाला. तिसऱ्याचे सोल्डर ट्रॉलीच्या हादऱ्याने आठ दिवसांत सुटले. आता चौथा नमुना चालू आहे. प्रत्येक वेळी पैसा घरातला गेला. एका कारागिराने त्यासाठी दोन माग विकले.

त्याच्यासोबत आम्ही एका बँकेच्या शाखेत गेलो, तेव्हा तीन वर्षांच्या विक्रीचा ताळेबंद मागण्यात आला. जी वस्तू अजून बनायची आहे तिची विक्री दाखवणार कुठून? बँकेने तिच्या नियमाने विचारले असेल. ज्या कामात पहिली दोन-तीन वर्षे विक्री नसते त्या कामाला कर्जाशी जोडलेली सबसिडी लागूच पडत नाही, एवढाच याचा अर्थ. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाने अनेकांना उभे केले आहे, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. मात्र त्याचे अनुदान बँकेच्या कर्जाला बांधलेले आहे.

कर्जाशिवाय मिळणारे अनुदान म्हणजे केंद्राची 2021 मध्ये सुरू झालेली स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना. तरतूद 945 कोटी रुपये, नमुना बनवण्यासाठी वीस लाखांपर्यंत अनुदान, तेही टप्प्याटप्प्याने. योजना चांगली आहे. पण तिच्या दारात उभे राहण्यासाठी आधी स्टार्टअप म्हणून मान्यता लागते आणि ही मान्यता एकल मालकीच्या उद्योगाला मिळत नाही. कंपनी, नोंदणीकृत भागीदारी किंवा तशीच संस्था काढावी लागते. अर्जाच्या वेळी तिची स्थापना दोन वर्षांच्या आतली हवी. पैसा इन्क्युबेटरमार्फत येतो, आणि आमच्या मुलांना ओळखणारा इन्क्युबेटर मालेगावात नाही. आमच्या जवळपास सगळ्या कार्यशाळा एकल मालकीच्या आहेत, त्यांच्याकडे उद्यम नोंदणी आहे आणि त्या वडिलांच्या काळापासून चालू आहेत. म्हणजे अनुभव जितका जुना तितके अनुदान लांब.

मालेगाव म्हटले की कापडाची गाठ डोळ्यासमोर येते, आणि ‘मागवाल्यांना गाड्यांचे काय कळणार’ असे आम्हाला तोंडावर विचारले गेले आहे. त्याचे उत्तर इतिहासात आहे. बाण्याचा धागा तुटला की काटा पडतो आणि माग आपोआप थांबतो, ही युक्ती माग दुरुस्त करणाऱ्या आमच्या प्रत्येक जॉबरला पाठ आहे. यंत्राने स्वतःची चूक ओळखून थांबावे, हा विचार जपानच्या साकिची तोयोदा यांनी पुढे नेला. त्यांचा स्वयंचलित माग 1924 साली तयार झाला, 1929 मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना विकले गेले, आणि त्याच घराण्याने 1937 मध्ये टोयोटा मोटर कंपनी काढली. सुझुकीची सुरुवातही 1909 साली मागाच्याच कारखान्याने झाली. इतके लांब जायचे नसेल तर रावळगाव आमच्याच तालुक्यात आहे. तिथे 1933 साली साखरेचा उद्योग उभारणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तेव्हा या मातीला वाहन उद्योग परका नाही.

एक गैरसमज आधीच दूर करतो. आम्ही चालक नसलेली गाडी मागत नाही. चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या येऊ देणार नाही, ही केंद्रीय परिवहनमंत्री श्री. नितीन गडकरी यांची जाहीर भूमिका आहे आणि ती आम्हाला मान्य आहे. आमच्या घरांतलेच किती तरी लोक रिक्षा, छोटा हत्ती आणि ट्रक चालवून पोट भरतात. कापडाच्या गाठी घेऊन रात्र-रात्र गाडी हाकणाऱ्या त्या माणसाला डुलकी लागली तर उठवणारे आणि पुढे अंधारात काय आहे ते सांगणारे यंत्र आम्हाला करायचे आहे. कॅमेरा, रडार आणि शिकवलेला बोर्ड या गोष्टी स्वयंचलित गाडीत जशा असतात तशाच यातही असतात. गाडीचे सुकाणू मात्र माणसाच्याच हाती राहते.

हे काम बाहेरून विकत आणून भागणार नाही. कॅमेऱ्याला दिसते तेच, जे त्याला फोटो दाखवून शिकवलेले असते. 2018 मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीने इंटेलसोबत भारतीय रस्त्यांच्या सुमारे 10 हजार चित्रांचा संच तयार केला, कारण परदेशी संचांत रिक्षा आणि रस्त्यावरची जनावरे यांची ओळखच नव्हती. ती चित्रे प्रामुख्याने हैदराबाद-बेंगळुरू परिसरातली आहेत. दोन ट्रॉल्यांचा कांद्याचा ट्रॅक्टर आणि पाळी सुटल्यावर अंधारात सायकलींवरून निघालेले यंत्रमाग कामगार कसमादेच्या रस्त्यावरच टिपावे लागतील, आणि ते इथलाच माणूस टिपेल.

आपल्या राज्यात याची सुरुवात झालेली आहे. सप्टेंबर 2021 मध्ये नागपुरात ‘आयरास्ते’ प्रकल्प सुरू झाला आणि महापालिकेच्या बसना टकरीचा इशारा देणारी यंत्रे बसली. त्यात इंटेल, महिंद्रा, केंद्रीय रस्ता संशोधन संस्था अशी मोठी नावे होती. तशाच प्रकल्पात छोट्या कारखान्यांचा वाटा असावा, असे आमचे म्हणणे आहे. आमच्या जिल्ह्याचा अनुभवही हेच सांगतो. 2015 च्या सिंहस्थाआधी नाशिकला ‘कुंभथॉन’ झाले, तेव्हा पायाखालच्या चटईवरून गर्दी मोजणारे यंत्र शाळकरी वयाच्या मुलांनी करून दाखवले. संधी मिळाली तर मुले काय करतात, हे नाशिकने पाहिलेले आहे.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी ही की, राज्य नाविन्यता सोसायटीमार्फत उद्यम नोंदणी असलेल्या एकल मालकीच्या कार्यशाळांसाठी वेगळे अनुदान असावे. कर्जाची आणि तारणाची अट नको, स्थापनेच्या वर्षाचीही नको. रक्कम तीन हप्त्यांत द्यावी : आराखड्यावर पहिला, चालता नमुना दाखवल्यावर दुसरा, रस्त्यावरच्या चाचणीनंतर तिसरा. हप्ता देण्याआधी अधिकाऱ्यांनी कार्यशाळेत येऊन यंत्र पाहावे, आम्ही त्याचे स्वागतच करू. प्रामाणिक प्रयत्न करूनही नमुना फसला तर वसुली लावू नये. अमेरिकेच्या सरकारने मार्च 2004 मध्ये वाळवंटात स्वयंचलित गाड्यांची शर्यत ठेवली, तेव्हा एकही गाडी शेवटपर्यंत पोचली नाही. सर्वांत पुढची गाडी जेमतेम 12 किलोमीटर गेली. सरकारने बक्षीस दुप्पट करून शर्यत पुन्हा ठेवली आणि पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी ती पूर्ण केली. पहिल्या फसलेल्या नमुन्यावर वसुलीची नोटीस निघाली तर दुसरा नमुना कुणी करणार नाही.

चाचणीचा खर्च आधी मिळावा. वाहनाला बसणाऱ्या यंत्राला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेचे प्रमाणपत्र लागते आणि ते लागायलाच हवे. पण शुल्क भरून नंतर परतावा मागायचा, हे ज्याच्याकडे भरायलाच पैसे नाहीत त्याच्या उपयोगाचे नाही. शासनाने शुल्क थेट संस्थेकडे भरावे. प्राथमिक तपासणीसाठी हादरे, उष्णता, धूळ आणि पाणी यांची साधी चाचणी यंत्रे मालेगावच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत बसवावीत. आमचे तीन नमुने अशा तपासणीत एका दिवसात पकडले गेले असते. वाहन चालवून पाहण्यासाठी एमआयडीसीच्या सायने किंवा अजंग-रावळगाव क्षेत्रातला अर्धा किलोमीटर बंदिस्त रस्ता ठरावीक दिवशी मिळावा. अर्ज मराठीत घ्यावेत आणि मुलाखती मालेगावात व्हाव्यात.

शेवटची मागणी पहिल्या ग्राहकाची. अनुदानाने नमुना होतो, कारखाना ऑर्डरवर चालतो. सिंहस्थाचे ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 रोजी आहे आणि पहिले अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 रोजी. इंदूर आणि धुळ्याकडून येणारी भाविकांची वाहने मालेगावावरूनच नाशिकला जातील. झोडगे ते चांदवड हा पट्टा प्रायोगिक म्हणून जाहीर करावा. कांद्याच्या शंभर ट्रॉल्या आणि मालेगाव आगाराच्या काही बसवर स्थानिक कारखान्यांची तपासलेली यंत्रे शासनाच्या खर्चाने बसवावीत, आणि वर्षभराची निरीक्षणे चांगली-वाईट जशी असतील तशी जाहीर करावीत.

2027 चा उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये रस्त्यावर येईल. यंत्रे त्याआधी ट्रॉलीवर बसायची तर निर्णयाला उशीर होऊन चालणार नाही. या विषयावर मा. अपर जिल्हाधिकारी, उपप्रादेशिक परिवहन अधिकारी आणि नाविन्यता सोसायटीचे प्रतिनिधी यांची एकत्र बैठक मालेगावात लावावी, ही नम्र विनंती. आम्ही चौथा नमुना घेऊन हजर राहू. आधीचे तीन बिघडलेले डबेही सोबत आणू.

आपले विश्वासू,
मालेगाव शहर व तालुक्यातील लघुउद्योजक व कारागीर
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. आयुक्त, मालेगाव महानगरपालिका.
मा. उपप्रादेशिक परिवहन अधिकारी, मालेगाव.
मा. आयुक्त, नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण, नाशिक.