सैनिक की हुजऱ्या?

लष्करातील वरिष्ठ अधिकाऱ्याच्या दिमतीला असणाऱ्या खासगी सहायकाचा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. संरक्षणखर्चाचे अवाढव्य आकडे समोर असताना कोणा साहेबाचे बूट कोण पुसतो याची उठाठेव अर्थशास्त्राच्या अध्यापकाने का करावी, असेही कोणी विचारील. परंतु ज्या व्यवहारात श्रमाची किंमत कोणीच मोजत नाही, तो व्यवहार अर्थशास्त्राच्या कक्षेबाहेरचा नव्हे. किंबहुना त्याचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

या पदाचा इतिहास जुना आहे. इंग्रजी फौजेत त्याला ‘बॅटमन’ म्हणत. हा शब्द ओझ्याच्या खोगिराला असलेल्या फ्रेंच शब्दावरून आला. अधिकाऱ्याचे सामान वाहणाऱ्या घोड्याची निगा राखणारा तो बॅटमन. हिंदुस्थानी फौजेत तो ‘ऑर्डर्ली’ झाला आणि स्वातंत्र्यानंतर ‘सहायक’. युद्धभूमीवर त्याचे काम हलके नाही. अधिकारी नकाशात डोके घालून बसलेला असताना त्याच्या पाठीशी बंदूक घेऊन उभे राहणे, निरोप पोहोचविणे, खंदक खणणे, शस्त्रे सज्ज ठेवणे ही कामे कोणीतरी केलीच पाहिजेत. अशा सहवासातून एकमेकांवर जीव टाकण्याइतका विश्वासही निर्माण होतो. या भूमिकेस आक्षेप घेण्याचे कारण नाही.

प्रश्न उद्भवतो तो शांततेच्या काळात, छावणीतील बंगल्यात. माझा एक विद्यार्थी बारावीनंतर भरती झाला. काही वर्षांनी सुट्टीवर आला असता त्याला सहज विचारले, “काय काम असते रे?” तो क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, “साहेब चांगले आहेत, सर. पण बंदुकीपेक्षा भाजीची पिशवीच जास्त वेळ हातात असते. घरी मात्र हे सांगू नका.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, संकोच होता. गावाने ज्याची मिरवणूक काढून पाठवणी केली, त्याला आपले काम आईपासून लपवावे लागते, यातच सारे आले.

ही व्यथा एकट्याची नाही. बाळासाहेब विखे पाटील यांच्या अध्यक्षतेखालील संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २००८ मध्ये, सैन्यदलांतील मानसिक ताणाचा विचार करताना, ही प्रथा अपमानास्पद व वसाहतकालीन ठरवून ती बंद करण्याची शिफारस केली. नौदल आणि हवाई दल सहायकांवाचून चालतात, हेही विसरता येत नाही. २०१७ च्या मार्चमध्ये आपल्याच नाशिकजवळच्या देवळालीत एक सहायक जवान मृतावस्थेत आढळला. सहायकांच्या घरकामाविषयीच्या छुप्या चित्रीकरणात तो काही दिवसांपूर्वी दिसला होता. त्याच महिन्यात सरकारने संसदेत सांगितले की, जवानांना कमीपणा आणणारी घरगुती कामे देऊ नयेत, अशा सूचना दिलेल्याच आहेत. सूचना असतात; पण बंगल्याच्या फाटकाआड त्या पाळल्या जातात की नाही, हे पाहणार कोण? ज्याने तक्रार करावयाची त्याचा गोपनीय अहवाल त्याच साखळीतून जातो.

अॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात घरगडी आणि सैनिक या दोघांनाही अनुत्पादक श्रमिकांच्या एकाच रांगेत बसविले. मात्र अशा श्रमांतही काही सेवा सन्मान्य व आवश्यक असतात, हे त्याने मान्य केले होते. आपण सैनिकाचा खर्च सोसतो तो या आवश्यकतेपोटी. त्याला शिकवून सज्ज करावयाचे आणि मग घरगड्याचे काम द्यावयाचे, म्हणजे राष्ट्राने एका वस्तूचे मोल देऊन दुसरीच घरी आणणे होय. त्यातून, जी सेवा घेणाऱ्याला फुकट पडते तिची मागणी कधीच पुरी होत नाही. आज बूट, उद्या बाजार, परवा मुलांची शाळा. २०२२ पासून ‘अग्निपथ’ योजनेत जवानाची भरती चार वर्षांसाठी होते. अशा तरुणाचे एक वर्ष जरी बंगल्यावर गेले, तरी त्याच्या लष्करी आयुष्याचा चौथा हिस्सा गेला.

यावर असे म्हटले जाते की, अधिकाऱ्याला वेळी-अवेळी काम असते, वारंवार बदल्या होतात. संसाराची व्यवस्था पाहणारे कोणी हवेच. हा युक्तिवाद खोटा नाही. पण त्यातून मदतनिसाची गरज सिद्ध होते, जवानाची नव्हे. शांत ठाण्यांवर सहायक काढून घ्यावा आणि अधिकाऱ्याला त्याऐवजी रोख भत्ता द्यावा. स्वतःच्या हाताने पगार मोजावा लागला की कोणते काम खरोखर आवश्यक आहे आणि कोणते केवळ सवयीचे, याचा उलगडा आपोआप होईल. शिवाय छावणीलगतच्या वस्तीतील गरजूला उघड, ठरल्या वेतनाचा रोजगार मिळेल. युद्धक्षेत्रात मात्र सहायक असावा आणि त्याची कर्तव्ये लेखी असावीत.

जुन्या प्रथा मोडता येत नाहीत असे नाही. १८८९ मध्ये सुरू झालेल्या लष्करी दुग्धशाळा २०२१ मध्ये बंद झाल्या. जवानांचे दूध काही थांबले नाही. लेफ्टनंट जनरल शेकटकर समितीच्या शिफारशींनुसार सुमारे ५७ हजार मनुष्यबळ अधिक उपयुक्त कामाकडे वळविण्याचा निर्णय २०१७ मध्ये सरकारने घेतलाच होता. मग हाच न्याय साहेबांच्या बंगल्याला लावण्यास अडचण कोणती? अडचण असलीच तर ती प्रतिष्ठेच्या जुन्या कल्पनेची आहे. दिमतीला माणूस असल्यावाचून मोठेपणा दिसत नाही, ही समजूत इंग्रज येथे ठेवून गेला आणि आपण ती जपली. भरतीच्या मैदानावर पहाटे धावणारी पोरे आमच्याच वर्गांतून जातात. ती सैनिक होण्यासाठी धावतात, हुजऱ्या होण्यासाठी नव्हे, एवढे तरी आपण लक्षात ठेवावे.