अशोककुमारचा पत्ता

शुक्रवारी सकाळी पहिला खेळ लागतो आणि त्याच संध्याकाळी एसटीत शेजारच्या सीटवरचा तरुण तोच मराठी चित्रपट मोबाइलवर पाहत असतो. चित्र जरा तिरके असते. मध्येच कुणी तरी उठून पडद्यासमोरून जाते, त्याची सावली दिसते. विनोदी प्रसंगाला थिएटरातले प्रेक्षक हसतात तेही ऐकू येते. वरच्या कोपऱ्यात एका सट्टेबाजीच्या ॲपचे नाव अखंड झळकत असते. टेलिग्रामवर चित्रपट फुकट मिळाला, असे त्या तरुणाला वाटते. त्याचे पैसे त्या कोपऱ्यातल्या नावाने आधीच मोजलेले असतात. फक्त ते निर्मात्याला मिळालेले नसतात.

अशा निर्मात्याने कोर्टात जायचे ठरवले, तर पहिलाच प्रश्न उभा राहतो : दावा लावायचा कुणावर? चोर कोण, कुठल्या देशात बसला आहे, काहीच ठाऊक नसते. इंग्लंड-अमेरिकेतल्या न्यायालयांनी अशा अनामिक प्रतिवादीला ‘जॉन डो’ म्हटले. आपल्याकडे त्याचा ‘अशोककुमार’ झाला. 2002च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी चोरून प्रक्षेपण दाखवणाऱ्या केबलवाल्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने असा आदेश दिला आणि ही वाट खुली झाली. 2011 साली ‘सिंघम’च्या निर्मात्यांनी ती चित्रपटासाठी वापरली. आता मोठ्या चित्रपटांचे निर्माते प्रदर्शनाआधीच असा मनाई हुकूम घेऊन ठेवतात. चोरी होण्याची वाट न पाहता मिळणारे हे संरक्षण न्याय्य आहे, असे आम्ही मानतो. चित्रपटाची बरीचशी कमाई पहिल्या तीन दिवसांत होते. चौथ्या दिवशी मिळालेला हुकूम काय कामाचा?

पण अनामिकाविरुद्धचा हुकूम अंदाजाने चालवला, तर तो भलत्याच्याच पाठीत बसतो. 2012 मध्ये तमिळ चित्रपट ‘3’साठी मद्रास उच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा इंटरनेट कंपन्यांनी विमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन अशी संकेतस्थळे सरसकट बंद करून टाकली. स्वतःचे लघुपट तिथे ठेवणाऱ्या मुलांचा यात काय दोष होता? ठरावीक दुवेच अडवा, हे न्यायालयाला नंतर स्पष्ट करावे लागले.

या बाबतीत महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे असे काम मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी केले. 2016 हे वर्ष चित्रपटसृष्टीला चांगलेच झोंबले होते. ‘उडता पंजाब’ आणि ‘ग्रेट ग्रँड मस्ती’ प्रदर्शनाआधीच फुटले. ‘सैराट’च्या चोरट्या प्रती गावोगाव फिरल्या. अशा वातावरणात ‘ढिशूम’चे निर्माते न्यायालयात आले. मागाल ते बंद करा, असा हुकूम देणे तेव्हा सोपे होते. पटेल यांनी तसे केले नाही. एकेक दुवा तपासा, त्याची खातरजमा करा आणि शपथेवर सांगा, असे त्यांनी फर्मावले. संपूर्ण संकेतस्थळावर बेकायदा मालच आहे हे दाखवल्याशिवाय ते अख्खे बंद करायला त्यांनी नकार दिला. त्या काळात बंद पान उघडले की ‘हे पाहिल्यास तीन वर्षे तुरुंग’ अशा धाटणीचा इशारा येई आणि लोक घाबरून जात. नुसते पाहणे हा गुन्हा नव्हे. परवानगीशिवाय वितरण करणे, जाहीर प्रदर्शन करणे, भाड्याने देणे हा गुन्हा आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. अडवलेल्या पानावर दाव्याचा तपशील आणि कायद्याचे कलम असावे आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने दाद कशी मागायची तेही लिहावे, असा त्यांचा आग्रह होता.

तो आग्रह आज पुन्हा धरायला हवा, कारण दरम्यान हत्यार फार धारदार झाले आहे. एक संकेतस्थळ बंद केले की एखादे अक्षर बदलून तेच दुसऱ्या नावाने तासाभरात उभे राहते. दर वेळी नवा दावा कोण लावणार? म्हणून एप्रिल 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, न्या. मनमोहन यांच्या निकालात, आदेशालाच चालते केले : बंद संकेतस्थळाचा नवा अवतार सापडला की सहनिबंधकांकडे अर्ज करून त्याचे नाव यादीत घालता येते. ऑगस्ट 2023 मध्ये न्या. प्रतिभा सिंह यांनी हॉलीवूडच्या कंपन्यांच्या दाव्यात पुढचे पाऊल टाकले आणि अजून तयारही न झालेल्या कलाकृतींना हे संरक्षण दिले. चोरीवरच ज्यांचे दुकान चालते त्यांच्याविरुद्ध इतकी ताकद हवीच. पण यादी जितक्या झपाट्याने वाढते, तितकेच तिने उघड्यावर असले पाहिजे. कोणते संकेतस्थळ, कोणत्या दाव्यात, कोणत्या तारखेला बंद झाले, हे कुणालाही एका जागी पाहता यावे. आज ते पाहता येत नाही.

आणि हे हत्यार आहे तरी कुणाच्या हातात? हॉलीवूडच्या, मुंबईतल्या बड्या बॅनरच्या. घर गहाण टाकून मराठी चित्रपट काढणाऱ्याला उच्च न्यायालयातला वकील परवडत नाही. त्याच्यासाठी केंद्राने 2023च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनंतर कोर्टाबाहेरची वाट काढली. थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्याला किमान तीन महिने आणि कमाल तीन वर्षे कैद, दंड तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. शिवाय कोर्टात न जाता थेट तक्रार करता यावी म्हणून नोडल अधिकारी नेमले. तक्रारीवर 48 तासांत कारवाई होईल, असे सांगितले. शुक्रवारी संध्याकाळी तक्रार केली तर 48 तास रविवारी संध्याकाळी भरतात. सोमवारी मराठी चित्रपटाचे खेळ कमी होतात. प्रदर्शनानंतरच्या पहिल्या चार दिवसांसाठी ही मुदत सहा तासांवर आणा, अशी मागणी राज्य सरकारने केंद्राकडे केली पाहिजे.

राज्याने स्वतःही करण्यासारखे आहे. मराठी चित्रपटाला सरकार अनुदान देते, ते लोकांच्या पैशातून. ज्या चित्रपटात तो पैसा गुंतला, त्याच्या बचावासाठी वकिलांचे एक पॅनेल गोरेगावची चित्रनगरी चालवणाऱ्या राज्याच्या महामंडळाने का ठेवू नये? प्रदर्शनाची तारीख ठरली की कागदपत्रे तयार, दुवे तपासणारी दोन माणसे बसलेली, आणि गुरुवारी हुकूम निर्मात्याच्या हातात. खर्च काही फार नाही. एखाद्या पुरस्कार सोहळ्याच्या मांडवातून तो निघेल.

मनाई हुकुमाने चोरी थांबते, बुडालेले पैसे परत येत नाहीत. कायद्यात नुकसानभरपाईची आणि चोराच्या नफ्याचा हिशेब मागण्याची तरतूद आहे, पण अशोककुमारकडून ती वसूल करायची कशी? ऑगस्ट 2023च्या त्याच आदेशात दिल्ली उच्च न्यायालयाने डोमेन विकणाऱ्या कंपन्यांना संकेतस्थळे गोठवायला आणि ती घेणाऱ्यांचा तपशील द्यायला सांगितले. खरा तपास इथून सुरू होतो. कुणाच्या कार्डावरून डोमेनचे पैसे भरले, जाहिरातीचे पैसे कोणत्या खात्यात गेले, ते खाते कुणाचे? अशोककुमारचा चेहरा दिसत नसला तरी त्याच्या जाहिरातदाराचे नाव प्रत्येक चोरट्या प्रतीच्या कोपऱ्यात, दोन तास, ठळक अक्षरांत दिसत असते. पोलिसांनी पहिली नोटीस त्या नावाला काढावी.