अडुळसा : बाटलीतला आणि बांधावरचा

तळेगाव-चाकण रस्त्यावर रोज बाइक हाणणाऱ्यांची एक युनियन आहे. मेंबर व्हायला फी नाही, फक्त घसा खवखवायला हवा. पुढे ट्रेलरची धूळ, सिग्नलला धूर आणि ऑफिसात पोचलं की थंडगार एसी. एकाचा खोकला थांबतो तोवर शेजारच्या क्युबिकलमधून दुसऱ्याचा सुरू! ड्रॉवरमध्ये एकवेळ स्टेपलर नसेल, सिरपची बाटली असतेच.

त्या बाटलीचं माहेर म्हणजे बांधावरचा अडुळसा. बारा महिने हिरवं झुडूप, लांबट पानं, पांढरी फुलं आणि त्यांच्या खालच्या पाकळीवर जांभळट रेषा. फूल जबडा उघडलेल्या सिंहासारखं दिसतं, म्हणून संस्कृतात याला 'सिंहास्य' असंही नाव आहे. पानाला असा उग्र वास की शेळीसुद्धा तोंड लावत नाही. म्हणून तर शेतकऱ्यांनी तो कुंपणाला लावला. केळी पिकवायलाही हीच पानं वापरत. आता कुंपणांच्या जागी कंपाउंड वॉल आल्या. भिंतीला पानं येत नाहीत, एवढाच प्रॉब्लेम.

काढ्याची रीत जुनी आहे. पानं नुसती कुटली तर रस जेमतेम निघतो, म्हणून आधी वाफवायची, मग पिळायची आणि रसात मध घालायचा. चव? कडूजहर. पण यात नुसता आजीचा हट्ट नाही, केमिस्ट्रीसुद्धा आहे. पानात वासिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यावरूनच साठच्या दशकात जर्मनीत ब्रोमहेक्सिन हे औषध बनलं. अँब्रोक्सॉल त्याचंच भावंड. कफ पातळ करणं हे दोघांचं काम. घरातल्या सिरपचं लेबल वाचा, बारीक अक्षरात यातलं एखादं नाव सापडेलही. पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५४ मध्ये ज्या पिंपरीत उभा राहिला, तिथल्या लोकांना तरी लेबल वाचायचा कंटाळा नसावा!

आता जरा सिरियस. मोशीला राहणारी माझी एक मैत्रीण चार महिन्यांची गरोदर असताना खोकल्याने बेजार झाली. सासूबाईंनी प्रेमाने अडुळशाचा काढा पुढे केला. "घे गं, घरचंच आहे, काही होत नाही." हिने आधी डॉक्टरांना फोन लावला. उत्तर आलं, अजिबात नको. कारण वासिसिनने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. सुईणींनाही हा गुण ठाऊक होता. बाळंतपणात अडुळसा वापरला जायचा तो यासाठीच. 'नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य मला म्हणूनच ऐकवत नाही. ज्या झाडात औषध आहे, त्यात डोसचा प्रश्नही आलाच. लहान मुलांना काढा द्यायचा तोही डॉक्टरांना विचारूनच.

आणि खोकला दोन आठवड्यांपुढे रेंगाळला, तर काढा नको नि सिरपही नको. सरळ थुंकी तपासून घ्या. टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. एका खोलीत पाच-सहा जण राहणाऱ्या आपल्या शिफ्टवाल्या मित्रांना हे आवर्जून सांगा.

बाकी अडुळसा लावायला एकदम सोपा आहे. पावसाळ्यात फांदी मातीत खोचली की जगते. मोशीच्या त्या गॅलरीतही एक कुंडी आहे. काढा मात्र हल्ली सासरेबुवांच्या वाट्याला येतो, आणि ते कुरकुरत पितात.