रेडिएशन घेऊ की नको?

शुक्रवारी संध्याकाळी मैत्रिणीचा फोन. ‘‘जरा येतेस? एक एक्सेल शीट बघायचीय.’’ मला वाटलं, अप्रेझल असणार. गेले, तर शीटमध्ये दोनच कॉलम : ‘घ्यायचं’ आणि ‘नाही घ्यायचं’.

बाईसाहेब अडतीसच्या. डाव्या स्तनाचा कॅन्सर. निदानाच्या वेळी काखेतल्या गाठीतही सापडला होता. आधी केमो, मग ऑपरेशन, स्तन वाचला. रिपोर्ट आला : काखेतल्या ग्रंथी एकदम क्लीन! आम्ही पेढ्यांच्या मूडमध्ये, आणि डॉक्टर म्हणाले, ‘‘स्तनाला रेडिएशन द्यायचंच. ग्रंथींनाही द्यायचं का, ते ठरवू या.’’

घ्या! नवरा म्हणतो, सगळं करून टाक. आई म्हणते, पोरीचे हाल पुरे झाले.

पूर्वी काखेत कॅन्सर होता म्हटलं, की बहुतेकदा रेडिएशन ठरलेलंच. मग ‘बी-५१’ ही चाचणी झाली. हिच्यासारख्याच, केमोनंतर ग्रंथी साफ झालेल्या १,६४१ पेशंट त्यात होत्या. निकाल २०२३ मध्ये जाहीर झाला, २०२५ मध्ये छापून आला. ५ वर्षांनी कॅन्सर न उलटलेल्या किती? ग्रंथींना रेडिएशन घेतलेल्यांत ९२.७ टक्के, न घेतलेल्यांत ९१.८. एवढा फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो.

‘‘मग नकोच ना!’’ मी. (दुसऱ्याचा हिशेब मला पटकन जमतो.)

‘‘माझा हार्मोन पॉझिटिव्ह आहे. दहा वर्षांनीही उलटू शकतो. ५ वर्षं म्हणजे नुसता इंटरव्हल.’’

दुसरा कॉलमही काही हलका नव्हता. ग्रंथींना रेडिएशन घेतलं, की हात सुजण्याची शक्यता वाढते, खांदा आखडू शकतो. डावी बाजू म्हणजे शेजारी हृदय. श्वास रोखायला लावून ते वाचवतात, पण धाकधूक असतेच. हिचं काम दिवसभर कीबोर्डवर, आणि घरी चार वर्षांचं पोर कडेवर.

‘‘नाही घेतलं आणि उलटला, तर आयुष्यभर स्वतःला बोल लावेन. ते कुठल्या कॉलममध्ये टाकू?’’

मी गप्प. चहा गार झाला.

सोमवारी ती डॉक्टरांकडे एकच प्रश्न घेऊन गेली : त्या १,६४१ जणींमध्ये मी बसते का? त्यांनी सगळे रिपोर्ट पुन्हा काढले. गाठीचा आकार, किती ग्रंथी काढल्या, काही शिल्लक होतं का. शिल्लक असतं, तर हा निकाल तिला लागूच नव्हता.

रात्री मेसेज आला : ‘बसते. ग्रंथींना नको म्हणाले. स्तनासाठी सकाळी साडेआठचा स्लॉट मागितलाय, ऑफिसला लेट नको.’